फुटेल हो परत

"फुटेल हो परत, झाडच आहे ते." जानेवारीतल्या एका सकाळी तिसऱ्या मजल्यावरचे काका एवढंच म्हणाले आणि चहाला घरी गेले. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत मागच्या भिंतीला लागून एक शिरीष आहे. फांद्या तारांना लागतात म्हणून छाटणीची रीतसर परवानगी काढली होती. त्या कागदावर काय लिहिलं होतं देव जाणे, पण दुपारपर्यंत झाडाला फांदी म्हणून उरली नव्हती. दोन पुरुष उंचीचं खोड आणि वर तीन थोटकं. त्या दिवसांत शिरिषाची पानं गळून गेलेली असतात आणि वाळलेल्या, फिकट पिवळ्या, चपट्या शेंगांनी झाड भरलेलं असतं. जरा वारा आला की सगळं झाड खुळखुळतं. फांद्या फरपटत टेम्पोकडे नेल्या तेव्हाही त्या शेंगा खुळखुळत होत्या, फक्त आवाज या वेळी खालून येत होता. काका माणूस वाईट नाहीत. उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी मातीच्या परळात पाणी ठेवणारे आमच्या इमारतीत तेवढे एकटेच. म्हणून तर ते वाक्य जास्त टोचत राहिलं. कुणा दुष्टाच्या तोंडून आलं असतं तर चिडून मोकळी झाले असते.

आणि झाड फुटलं. अडचण तीच आहे.

फाल्गुन संपता संपता खोडाच्या सालीतून हिरवे ठिपके दिसायला लागले. पाडव्याला गुढीसाठी कडुलिंबाची डहाळी आणायला खाली उतरले, तोवर त्या थोटकांवर पानांचे झुबकेच्या झुबके आले होते. नेहमीच्या पानांपेक्षा मोठी, लुसलुशीत, नको तितकी हिरवी. काकांनी गॅलरीतून हात केला, "काय म्हणालो होतो!" मी हसले. खरं तर मलाही आनंदच झाला होता. आनंद न व्हायला माणूस दगडाचा पाहिजे. पण त्या आनंदाच्या पोटात कुठेतरी चीडही होती आणि तिला दाखवायला बोट सापडत नव्हतं. झाड जगलं होतं. काका बरोबर ठरले होते. मग माझं भांडण नेमकं कशाशी होतं?

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला हाच विषय निघाला. वाटली डाळ, पन्हं, ओल्या हरभऱ्यांची ओटी आणि वर गरगरणारा पंखा. एकीच्या कुंडीतला मोगरा वाळून काडी झाला होता तो फुटला, दुसरीचा कढीपत्ता बोकडाने खाल्ला होता तो फुटला. प्रत्येकीकडे एक तरी मेलेलं आणि उठलेलं झाड. सगळ्या खूश होत्या. मीही माझी जास्वंदीची गोष्ट सांगितली. वाळलेली सरळ फेकून दिलेली झाडं मात्र त्या खोलीत कुणाच्याच गोष्टीत नव्हती, आणि तशी प्रत्येकीच्या घरी चार तरी असणार. रिकाम्या कुंड्या जिन्याखाली उपड्या ठेवलेल्या असतात, त्यांच्याबद्दल कोण बोलणार.

पुण्याचा वसंत मुळातच उरफाटा आहे. वसंत म्हणजे थंडी सरली, बर्फ वितळलं, जमीन ओली झाली, ही चित्रं आपली नव्हेत. इथे होळीनंतर जमीन भेगाळते, मुठेच्या पात्रात पाण्यापेक्षा जलपर्णी जास्त दिसते, दुपारी डांबराला वास सुटतो, आणि पावसाला चांगले अडीच-तीन महिने असताना पिंपळाला तांब्याच्या रंगाची पालवी येते. विधी महाविद्यालयाच्या रस्त्याने संध्याकाळी गेलं तर ती पानं उन्हात ओली असल्यासारखी चमकतात. हे पाणी येतं कुठून? तर झाडाने ते आधीच राखून ठेवलेलं असतं. जुनी पानं गळाली की बाष्प बनून जाणारं पाणी थांबतं, मुळं खोलवरून जे मिळेल ते ओढत राहतात आणि खोड हळूहळू पुन्हा भरतं. मग दिवस मोठा होत चालल्याची खूण पटून पालवी फुटते. पुण्यात वर्षातला सगळ्यात लहान दिवस ११ तासांच्या आसपास असतो आणि सगळ्यात मोठा १३ तासांहून थोडा जास्त. आपल्याला जाणवतही नाही असा हा फरक, पण झाडांना तो पुरतो. पाऊस येईल तेव्हा पानं तयार हवीत, म्हणून ती पावसाआधी येतात. कोवळ्या पानांचा लालपणासुद्धा शोभेचा नसतो. हिरवं पूर्ण भरेपर्यंत कडक उन्हापासून तो त्यांना वाचवतो. म्हणजे चैत्रपालवी हा सगळा आधीच्या बचतीवरचा खर्च आहे. पावसाळ्यात कमावलेलं, हिवाळ्यात राखलेलं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर बाहेर काढलेलं.

आमच्या शिरिषाने मात्र मुदतीआधी ठेव मोडली होती. सालीखाली कितीतरी झोपलेले डोळे असतात. शेंड्याकडून उतरणारं संप्रेरक त्यांना दाबून ठेवतं. शेंडेच कापले की तो दाब जातो आणि सगळे डोळे एकदम उघडतात. पानंच नाहीत, तेव्हा अन्न करणार कोण? खोडात आणि मुळांत पिष्टाच्या रूपात जे साठवलेलं असतं ते सगळं या झुबक्यांत ओतावं लागतं. वरून हिरवं दिसतं, पण आत ओढाताण चाललेली असते. शिवाय हे फुटवे खोडाच्या फक्त वरच्या थराला धरून असतात. मुळात फांदी जशी खोडाच्या गाभ्यापासून घडत येते, तसे ते आलेले नसतात. चार वर्षांनी जाड झाल्यावर वळवाच्या एका झोडप्यात ते मोडून खाली गाडीवर पडतात, मग झाड धोकादायक ठरतं आणि पुन्हा अर्ज जातो. महाराष्ट्रात शहरातल्या झाडांसाठी १९७५ पासून कायदा आहे, पण साठा किती उरला आहे ते कागदावर उमटत नाही. आणि या वर्षी शिरिषाला फुलं नाहीत. एप्रिलच्या रात्री मागच्या खिडकीतून येणारा तो गोडसर, जरासा हिरवट वास नाही. तांबट मात्र आहे. ज्या फांदीत त्याची ढोली होती ती टेम्पोतून गेली, तरी तो समोरच्या रेनट्रीवर बसून दुपारभर टुकटुक करत असतो. तोही फुटेल परत, असं म्हणणार का?

वेताळ टेकडीवर सकाळी जाते तेव्हा हेच सगळं मोठ्या पटावर दिसतं. मार्चमध्ये कुणीतरी विडी टाकतं किंवा मुद्दाम काडी लावतं, आणि अख्खा उतार काळा होतो. राखेत पाय बुडतो, चपलेतून वास घरापर्यंत येतो. त्यातच एखादा निष्पर्ण गणेर पिवळ्याजर्द फुलांनी भरून उभा असतो आणि लोक त्याच्यासमोर फोटो काढतात. मीही काढलाय. जमिनीखालचे कंद वाचतात, मृगाच्या पावसानंतर ते बिनबोभाट वर येतात. पण वर्षभरापूर्वी रुजून वीतभर वाढलेली रोपं वाचत नाहीत, आणि ती गेली हे कळतही नाही कारण ती होती हेच कुणी पाहिलेलं नसतं. एक झाड मात्र कशानेच मरत नाही. गिरिपुष्प. मध्य अमेरिकेकडचं हे झाड आपल्या टेकड्यांवर हौसेने लावलं गेलं, कारण तोडलं तरी फुटतं, जाळलं तरी फुटतं, फांदी रोवली तरी जगते. फेब्रुवारीत त्याच्या गुलाबी फुलांनी टेकडी छान दिसते, नाही म्हणत नाही. पण चिवटपणा हा एकच निकष लावला की टेकडीवर काय उरतं, याचंही उत्तर तेच आहे. सालई, मोई, वारस अशी आपली हळू वाढणारी झाडं त्या गर्दीत शोधावी लागतात.

शिरिषावरून आठवलेली गोष्ट वेगळीच आहे. १७९३ मध्ये चीनला गेलेल्या इंग्रजांच्या शिष्टमंडळाने तिथून शिरिषाच्या एका भावंडाचं बी आणलं होतं, गुलाबी रेशमी तुऱ्यांच्या जातीचं. ते लंडनच्या संग्रहालयात कागदाला चिकटून पडून राहिलं. १९४० मध्ये बॉम्बहल्ल्यात संग्रहालयाला आग लागली, बंबांनी पाणी मारलं, वाळलेल्या नमुन्यांची कपाटं भिजली आणि जवळजवळ दीडशे वर्षांनी ते बी रुजलं. शिरिषाच्या कुळाच्या बियांचं कवच इतकं कठीण असतं की पाणी आत शिरायलाच मार्ग नसतो. आपल्याकडेही शिरिषाचं बी पेरण्याआधी गरम पाण्यात टाकतात ते त्यासाठीच. आगीची धग आणि वर पाण्याचा मारा, म्हणजे रोपवाटिकेत करतात तेच त्या रात्री कुणी न करता घडलं. ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा अंगावर काटा आला होता आणि मी ती चार जणांना सांगितली होती. तिचा पुढचा तुकडा बराच नंतर कळला. त्या बियांची काही रोपं चेल्सीच्या जुन्या औषधी बागेत लावली होती, आणि पुढच्याच वर्षी तिथेही बॉम्ब पडून त्यांतली काही गेली.

तो तुकडा कुणी सांगत नाही.

अणुबॉम्बनंतरही पुन्हा फुटलेल्या हिरोशिमाच्या जिंको झाडांची गोष्ट आता सगळ्यांना पाठ आहे, म्हणून ती सोडते. आपल्या रस्तादुभाजकांवर टँकरच्या पाण्यावर आणि धुरावर जगणारी कण्हेर त्या शहराचं अधिकृत फूल आहे, एवढंच नोंदवून पुढे जाते. मला जास्त छळते ती आंब्याची गोष्ट. १८८९ मध्ये पश्चिम हिंदुस्थानातून आंब्याची कलमं अमेरिकेला, फ्लोरिडात गेली. आगबोटीतून, पेट्यांत, मातीच्या गोळ्यासकट. एल्ब्रिज गेल नावाच्या एका निवृत्त प्राध्यापकाने ती लावली. १८९४ च्या डिसेंबरात तिथे कडाक्याचं दहिवर पडलं. झाडं करपली, पण बरीचशी जगली. जानेवारी उबदार निघाला, झाडांना वाटलं संकट टळलं, रस चढला, पालवी आली. आणि १८९५ च्या फेब्रुवारीत दुसरी थंडी आली. पहिल्या थंडीतून वाचलेली फ्लोरिडातली संत्र्यांची झाडं दुसऱ्या थंडीत लाखोंनी मेली, बुंध्यापर्यंत. नवी पालवी काढण्यात त्यांनी होतं नव्हतं ते खर्ची घातलं होतं, आणि कोवळ्या पालवीतला रस गोठला. म्हणजे ती फुटली नसती तर कदाचित वाचली असती. गेल यांच्या आंब्यांपैकी मलगोबा जातीचं एक झाड राहिलं. त्याच्या रोपांतली काही एका निवृत्त कॅप्टनने १९०२ मध्ये लावली, त्यातून १९१० मध्ये हेडन नावाचा आंबा आला, आणि आज जगभरच्या दुकानांत दिसणारा तो लालबुंद, दणकट, चवीला यथातथा टॉमी अॅटकिन्स त्याच घराण्यातला. परदेशी राहणारी माझी भाची तो घेते आणि फोनवर नाक मुरडते. तिला मी म्हटलं, अगं, आपल्याकडचाच आहे तो, लांबचा नातू. पण मनात येतं ते त्या उरलेल्या कलमांचं. त्यांचीही नावं असतील, चवी असतील. त्यांच्या बाजूने सांगायला कुणी उरलं नाही. आपण जगलेल्याकडून गोष्ट ऐकतो आणि म्हणतो, बघा, आंबा किती चिवट!

तसं बघायला फ्लोरिडापर्यंत जायचीही गरज नाही. लोकलने लोणावळ्याकडे निघालं की खडकीनंतर दापोडी लागतं. तिथे १८२८ मध्ये मुंबईचे गव्हर्नर माल्कम यांनी वनस्पतींची बाग उभी केली होती. १८३८ पासून तिची देखरेख अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टरकडे होती. डोंगर उघडे झाले की ओढे-झरे आटतात, हे या गृहस्थाने त्या काळात सरकारला लिहून कळवलं होतं. १८४७ मध्ये त्यांना मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक नेमलं. तेव्हाही रान तोडणाऱ्यांचं उत्तर ठरलेलं असणार, रानच आहे, वाढेल परत. त्याच सुमारास, १८४७ ते १८५० मध्ये, गिब्सननी बागेतल्या झाडांची चित्रं काढून घेतली. दीडशेहून अधिक चित्रं, पान न् पान, पुंकेसर न् पुंकेसर. ती आज एडिंबराच्या वनस्पती उद्यानात आहेत. चित्रकार भारतातला, पोर्तुगीज वळणाच्या घराण्यातला होता एवढं माहीत आहे. नाव कुणी टिपून ठेवलं नाही. आणि बाग? ती पुढे मोडली, तिच्याऐवजी गणेशखिंडीत १८७३ मध्ये नवी बाग आली, जी अजून आहे, जिथले जुने आंबे मोहोरले की विद्यापीठाच्या रस्त्यावरच्या गाड्यांच्या धुरातही क्षणभर वास येतो. दापोडीची बाग फुटली नाही परत. बागा फुटत नसतात. मुळं, माती, पाट आणि रोज पाहणारा एक माणूस, हे सगळं एकत्र असेल तरच बाग असते, आणि त्यातलं काहीही सालीखाली झोपलेलं नसतं.

शिवनेरीच्या कड्यावर शिंदळ माकुडी आहे. मांसल खोडाची, बोटभर जाडीची, कड्याच्या कपारीतून लोंबणारी. उन्हाळ्यात पानं टाकून नुसत्या खोडावर राहते, पावसात पानं आणि गडद तांबड्या चांदण्यांसारखी फुलं. १८६० च्या दशकात डाल्झेल या वनस्पतीशास्त्रज्ञाने तिचं शास्त्रीय वर्णन केलं आणि मुंबईचा गव्हर्नर फ्रिअर याच्या नावाने तिला फ्रेरिया म्हटलं. तोच फ्रिअर, ज्याच्या कारकिर्दीत गणेशखिंडीतला राजवाडा, म्हणजे आजच्या विद्यापीठाची मुख्य इमारत, बांधायला घेतली. सह्याद्रीतले काही मोजके गड-कडे सोडले तर जगात ही वनस्पती कुठेच नाही. उघड्या खडकावरचं आठ महिन्यांचं ऊन ती सोसते. शेळीचं तोंड आणि आपले हात तिला सोसत नाहीत. ती टिकली ती बऱ्याच अंशी, आपला हात तिथवर पोचत नाही म्हणून.

मागच्या आठवड्यात मामाकडे गेले होते, पुरंदरला. त्याची डाळिंबाची बाग आहे. या माणसाचा सगळा धंदाच झाडाला त्रास देण्याचा, तेही हिशेबाने. डाळिंबाला वर्षात तीन बहार येऊ शकतात, आंबे, मृग आणि हस्त. त्यातला एकच धरायचा. पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, पानं गळू द्यायची, हलकी छाटणी करायची, मग खत आणि पाणी सोडायचं, की झाड फुलांवर येतं. घाबरलेलं झाड बी धरायची घाई करतं, असं मामा सांगतो. ताण किती द्यायचा याचं त्याचं गणित जमिनीवर असतं. मुरमाड जमीन असेल तर कमी दिवस, काळी असेल तर जास्त. पोरसवदा झाडाला ताणच नाही. आणि फळं उतरली की विश्रांती. शेणखत, पाणी, आणि काही मागायचं नाही.

हस्त बहाराची फळं नुकतीच उतरली होती आणि घरात वाद पेटला होता. मामेभावाला आत्ताच पाणी तोडून मृग धरायचा होता. गेल्या वर्षीचे भाव, औषधांचा खर्च, ट्रॅक्टरचा हप्ता, असं सगळं त्याने मोबाइलवर मांडून दाखवलं आणि आकडे खोटे नव्हते. "झाडं दणकट आहेत, आत्या काय म्हणते ते बघ, त्यांच्या सोसायटीतला शिरीष सगळा तोडला तरी फुटला," असं त्याने माझ्या आईने फोनवर दिलेल्या बातमीच्या जोरावर ऐकवलं. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात मामा म्हणाला, "फुटंल की. न फुटायला काय झालं. पर आत्ता कुठं माल उतरवलाय त्याच्या अंगावरनं. आन् मृगात तेल्या रोग आला म्हंजे अशक्त झाड पयलं बसतं." मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले, जसं काही पुण्याहून निकाल घेऊनच मी आले होते. मी पन्ह्याचा पेला तोंडाला लावला.

शेवटी विहिरीकडच्या अर्ध्या बागेचं ठिबक बंद झालं आणि रस्त्याकडच्या अर्ध्या बागेत मामाने शेणखत ओढायला घेतलं. आता दोघंही बांधावरून एकमेकांच्या ओळी बघत फिरतात. कुणाचं खरं ते पावसात दिसेलच, असं मामी म्हणाली, आणि पिठल्याचं पातेलं घेऊन दोघांनाही हाका मारत बाहेर गेली.